टाकीतले बी-१२ गोळीत कधी?

सखाराम महाराजांच्या अमळनेरात गळ्यात तुळशीची माळ असलेली माणसे गल्लोगल्ली भेटतात. मांस-अंडी वर्ज्य असलेल्या घरांत हातापायांना मुंग्या, सततचा थकवा, विसराळूपणा या तक्रारी वयावर ढकलल्या जातात. अनेकदा त्यांच्यामागे बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी आढळले. शाकाहारींत हा धोका चौपटीहून अधिक होता.

खरे तर हे जीवनसत्त्व ना वनस्पती बनवतात, ना प्राणी. ते फक्त जिवाणूंसारखे सूक्ष्मजीव बनवतात. १९७२ मध्ये वुडवर्ड आणि एशेनमोझर यांनी शंभरावर सहकाऱ्यांच्या साथीने ते प्रयोगशाळेत घडवले. पण ती वाट कारखान्याला परवडणारी नव्हती. म्हणून आजही मोठ्या टाक्यांत जिवाणूंना मळी किंवा ग्लुकोज आणि थोडे कोबाल्ट देऊन, आंबवूनच बी-१२ काढतात. जिवाणू एरवी स्वतःपुरतेच बनवतो. जादा देणारे वाण निवडून आणि जनुकांत बदल करून उत्पादन लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत नेले गेले. प्रौढ माणसाची रोजची गरज मात्र दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास. म्हणजे सबंध जळगाव जिल्ह्याला दिवसाला दहा ग्रॅम पुरावे!

मग अडते कुठे? सरकारी केंद्रांत गरोदर महिलांना लोह व फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मिळते. तिच्यात बी-१२ नसते. पुण्याजवळच्या गावांतील मातांच्या अभ्यासात, फॉलेट भरपूर पण बी-१२ कमी असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. ही पुढच्या मधुमेहाची नांदी ठरू शकते. म्हणून चालू गोळी बंद करू नये. तिच्यात बी-१२ची भर घालावी.

अमळनेरला ही कल्पना परकी नाही. १९४५ मध्ये येथे सुरू झालेल्या आणि पुढे विप्रो म्हणून नावारूपाला आलेल्या कंपनीचा पहिला धंदा वनस्पती तुपाचा. त्या तुपात अ जीवनसत्त्व मिसळणे देशात १९५०च्या दशकातच सक्तीचे झाले होते. तेव्हा जमले, ते आज का जमू नये?

तोवर माळकऱ्यांनी दूध-दही सोडू नये, स्पिरुलिनाच्या भरवशावर राहू नये आणि मुंग्या येत असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्त तपासावे. टाकीतल्या जिवाणूंनी बनवलेल्या बी-१२च्या गोळीने माळेचा नेम मोडत नाही.