मुदखेडच्या आकाशातील गुरू

मुदखेड म्हटले की फुलशेती आठवते आणि आदिलाबादकडे फाटा फुटणारे जंक्शन आठवते. अशा गावातून गुरू ग्रहाची शास्त्राला उपयोगी पडतील अशी छायाचित्रे घेता येतील, असे कोणी म्हटले तर पुष्कळांना हसू येईल. खगोलशास्त्र हा पुण्यामुंबईचा विषय, हा समज येथे घट्ट रुजला आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणीत आली, हे खरेच. पण मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच्या राजधानीत नवाब जफर जंग यांनी १९०१ च्या सुमारास स्वतःच्या जागेत पंधरा इंची दुर्बीण आणून वेधशाळा थाटली होती! त्यांच्या निधनानंतर १९०८ मध्ये संस्थानाने ती ताब्यात घेतली. हीच निजामिया वेधशाळा. साऱ्या आकाशाच्या छायाचित्रणाचे काम जगातील वेधशाळांनी वाटून घेतले, तेव्हा तिने साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांची स्थाने निश्चित केली. मुळाशी होती ती एका माणसाची हौस.

ग्रहांच्या बाबतीत ही हौस आजही कामाची आहे. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो. एकाच गावाहून त्याच्यावर सतत पाळत ठेवणे अशक्य, आणि मोठ्या दुर्बिणींचा वेळ आधीच वाटलेला. फिलिपाइन्सच्या क्रिस्टोफर गो या हौशी निरीक्षकाने २००६ मध्ये गुरूवरील एक पांढरा डाग लाल झाल्याचे टिपले. १९ जुलै २००९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या अँथनी वेस्ली यांना घरच्या दुर्बिणीतून गुरूवर काळा व्रण दिसला. काहीतरी येऊन आदळले होते. मोठ्या वेधशाळा त्यानंतर तिकडे वळल्या. २०१६ पासून गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानासाठीही हौशी मंडळींकडून छायाचित्रे मागवण्यात आली.

रीत अवघड नाही. हवा थरथरते म्हणून दोन-तीन मिनिटांचे चलचित्र घ्यायचे, हजारो चौकटींतून स्वच्छ तेवढ्या संगणकाने निवडून एकत्र करायच्या. अधिक वेळ घेतला तर ग्रह फिरल्याने तपशील पुसट होतो.

येथे मराठवाड्याचे स्थान महत्त्वाचे ठरते. २०१९ मध्ये गुरू दक्षिण आकाशात होता, तेव्हा लंडनहून तो क्षितिजापासून जेमतेम सोळा अंश वर येई. मुदखेडहून सुमारे अठ्ठेचाळीस. शिवाय ऑस्ट्रेलियात पहाट होत आली आणि युरोपात ग्रह नुकता उगवला, की तो येथे माथ्याकडे असतो. पावसाळा सोडला तर सबब उरत नाही.

पैशाची अडचण आहे. कारकुनाच्या पगारात दुर्बीण सहज बसत नाही. परंतु अनेक महाविद्यालयांत ती कपाटात कुलूपबंद आहे. ग्रहणाच्या दिवशी बाहेर निघते, आणि ग्रहापेक्षा पाहुण्यांचीच छायाचित्रे अधिक निघतात. नांदेड, मुदखेड, उदगीर, लातूर येथील शिक्षक-विद्यार्थ्यांनी रात्री वाटून घ्याव्यात, एका गावी ढग आले तर दुसऱ्याने काम सांभाळावे. नांदेडच्या विद्यापीठाने एखादा चांगला कॅमेरा फिरता ठेवावा. प्रत्येक चित्रावर वेळ मिनिटापर्यंत नोंदलेली मात्र हवी. तिच्यावाचून अत्यंत देखणे छायाचित्रही अभ्यासकाच्या उपयोगाचे नसते.