उन्हाळ्याने हिरावलेले वेत

उन्हाळा आला की गाईचे दूध कमी होते, हे गवळ्यापासून दूधसंस्थेच्या सचिवापर्यंत सर्वांना ठाऊक आहे. कमी झालेले दूध मापात दिसते, वहीत नोंदले जाते आणि पाऊस पडल्यावर त्यातील काही भाग भरूनही निघतो. परंतु ऊन गाईकडून दुधाहूनही मोलाची एक गोष्ट हिरावून घेते. ती म्हणजे तिची गाभण राहण्याची क्षमता. मेलेले जनावर पंचनाम्यात येते. न राहिलेला गर्भ कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. म्हणूनच या हानीवर उपाय योजण्याची निकड कोणास भासत नाही.

प्रथम साधा हिशेब पाहावा. गाईचा गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा. वर्षाला एक वेत हे माप धरले, तर व्याल्यानंतर पुन्हा गाभण राहण्यास तिच्या वाट्याला अवघे ८५ दिवस येतात. त्यांतील निम्मे दिवस गर्भाशय पूर्ववत होण्यातच जातात. उरलेल्या मुदतीत, २१ दिवसांच्या अंतराने येणारे एक-दोन माज, एवढीच काय ती संधी. तीन माज वाया गेले म्हणजे ६३ दिवस गेले. आणि भाकड जनावराला वैरण तर रोजच घालावी लागते. दोन-तीन गाईंच्या दुधावर घर चालविणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा तोटा किरकोळ नव्हे.

ऊन हे घडविते कसे? दुधाळ गाय स्वतःच एक चालती भट्टी असते. वैरण पोटात आंबताना आणि कासेत दूध तयार होताना मोठी उष्णता निर्माण होते. ती बाहेर टाकता आली नाही, की साडेअडतीस अंशांच्या आसपास राहणारे तिचे शरीर तापू लागते. तापमान आणि हवेतील दमटपणा एकत्र धरून शास्त्रज्ञ एक निर्देशांक काढतात. तो ७२ च्या वर गेला की होल्स्टिन गाईवर ताण येऊ लागतो, असे मानले जाते. तापमान २५ अंश आणि आर्द्रता ५० टक्के असताना हा निर्देशांक जवळजवळ ७२ भरतो. म्हणजे माणसाला जी हवा सुखद वाटते, तेथेच या गाईची अडचण सुरू होते. मग पत्र्याच्या छपराखाली चैत्र-वैशाखाची दुपार काढताना तिचे काय होत असेल, याची कल्पना करावी.

तापलेल्या गाईचा माज थोड्या तासांत संपतो, अनेकदा रात्रीच येऊन जातो आणि कधी तो मुकाच राहतो. वेळेवर रेतन झाले, तरी पहिल्या दोन-तीन दिवसांतील भ्रूण उष्णतेपुढे अत्यंत नाजूक असतो. सहनशक्ती त्याला नंतर येते. शिवाय बीजांडाची वाढ रेतनाच्या कित्येक आठवडे आधीपासून चालू असते. इस्राएलमधील संशोधकांना हवा थंडावल्यानंतरच्या शरद ऋतूतही गर्भधारणेचे प्रमाण कमीच आढळले, ते यामुळेच. वैशाखातील उन्हाचे देणे श्रावणात फेडावे लागते. पण तोवर ऊन विस्मरणात गेलेले असते. दोष दिला जातो तो रेतन करणाऱ्याला, रेतमात्रेला किंवा गाईला. आणि वारंवार उलटणाऱ्या गाईची वाट अखेर बाजाराकडे वळते.

महाराष्ट्रात संकरित गाय रुजली, त्यामागे मोठे कार्य आहे. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे बाएफची स्थापना केली. १९७० मध्ये देशात दूध महापूर योजना सुरू झाली. २०१९ च्या पशुगणनेत देशातील विदेशी व संकरित गोवंशाची संख्या पाच कोटींवर गेली. या गाईने अनेक कोरडवाहू घरांत नियमित पैसा आणला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि तिची निवड मुख्यतः दुधाच्या मापाने झाली. उन्हाचे माप त्या वेळी कोणी फारसे लावले नाही.

यावर काही जण देशी गाईकडे परतण्याचा मार्ग सुचवितात. देशी गाय ऊन अधिक सोसते, एवढेच नव्हे तर तिचा भ्रूणही उष्णतेत अधिक तग धरतो, हे खरे. परंतु बहुतेक देशी जातींचे दूध इतके कमी की केवळ त्यावर संसार चालणे कठीण. मार्ग या दोहोंच्या मधून जातो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने होल्स्टिन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ तयार केली. ब्राझीलने आपल्याकडूनच गेलेल्या गीरचा तीन-अष्टमांश अंश राखून ‘गिरोलांडो’ गाय उभी केली. दूध आणि ऊन यांचा मेळ घालता येतो, हेच त्यातून दिसते.

वंशसुधारणेला काळ लागतो. सावलीला लागत नाही. उंच व हवेशीर छप्पर, गोठ्याभोवती झाडे, चोवीस तास पिण्याचे पाणी, मुख्य वैरण संध्याकाळनंतर आणि माजाची पाहणी रात्री व पहाटे, हे उपाय लहान गोठ्यालाही झेपणारे आहेत. पंखे आणि पाण्याचे फवारे उपयुक्त खरेच. पण ज्या गावाला टँकरची वाट पाहावी लागते, तेथे फवाऱ्यांचा उपदेश व्यर्थ आहे. गाईसाठी कर्ज देणाऱ्या संस्थेने म्हणूनच आधी तिच्या डोक्यावरील छपराची चौकशी करावी.

दुसरे काम शासनाचे आहे. गाईच्या कानातील १२ अंकी बिल्ल्यावरून आता रेतनाच्या नोंदी ठेवता येतात. कोणत्या महिन्यात किती गाई गाभण राहिल्या आणि कोणत्या वळूच्या मुली भर वैशाखातही गाभण राहतात, हे त्या नोंदींतून निघाले पाहिजे व वळूच्या निवडीत दुधाच्या बरोबरीने मोजले गेले पाहिजे. दुधाचा महापूर आणताना आपण लिटर मोजायला शिकलो. तापत चाललेल्या काळात तो टिकवायचा, तर वेतेही मोजावी लागतील.