बाजाराच्या आदल्या दिवशी

आमच्याकडे भाजीबाजार रविवारचा. त्यामुळे शनिवारी घरात नवीन काही आणायचं नाही, असा रिवाज पडला आहे. भाजीच्या कप्प्यात काय शिल्लक आहे, वाटीभर उसळ कोणत्या डब्यात झाकून ठेवली आहे, पोळ्या किती उरल्यात, हे सकाळी बघायचं आणि त्यावरून दोन्ही वेळचं जेवण ठरवायचं. माझ्या मते घरातल्या आठवड्याच्या जेवणाची आखणी या दिवसापासून सुरू होते. शनिवारी काय संपलं आणि काय तसंच राहिलं, हे कळलं की रविवारी पिशवीत काय घालायचं ते आपोआप ठरतं.

बहुतेक घरांत हे उलटं चालतं. आधी पदार्थ ठरतो, मग त्याचं सामान येतं, आणि घरात आधीपासून असलेलं मागे मागे सरकत जातं. एका भाजीपुरतं आणलेलं क्रीम, नूडल्ससाठी आणलेल्या कोबीचा अर्धा गड्डा, निवडायची राहिलेली मेथीची जुडी. दहा मिनिटांत किराणा दारात यायला लागल्यापासून तर डबा उघडून बघायचीही गरज वाटेनाशी झाली आहे. बेसन संपलं असेल असं वाटतं, मागवलं जातं, आणि दोन दिवसांनी रव्याच्या डब्यामागे बेसनाचं न फोडलेलं पाकीट सापडतं.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये अन्नाच्या नासाडीवर अहवाल काढला. २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, असा त्यातला अंदाज आहे. ही नासाडी म्हटली की लग्नातल्या पंगती आणि हॉटेलं डोळ्यांपुढे येतात, पण त्यातला साठ टक्के वाटा घरांचा आहे. भारतातल्या घरांसाठी हा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो आहे. यात साली, देठं, हाडंही धरली आहेत, तरी चार माणसांच्या घराचे वर्षाला सव्वादोनशे किलोच्या आसपास होतात. तेवढं तर आपण वर्षाचे गहूही भरत नाही.

आखणीचा पहिला भाग भाजीच्या क्रमाचा. रविवारी आणलेल्या पालेभाज्या मंगळवारपर्यंत पोटात गेल्या पाहिजेत. मेथी, पालक, शेपू, चाकवत यांना थांबता येत नाही. मग भेंडी, गवार, वांगी. दुधी, कोबी, फ्लॉवर यांना गुरुवार-शुक्रवार चालतो. लाल भोपळा, सुरण, बटाटा यांना कसलीच घाई नसते. आठवड्याच्या शेवटी कप्पा रिकामा होत आला की कडधान्यं आहेतच. गुरुवारी रात्री मटकी भिजत घातली, शुक्रवारी उपसून बांधून ठेवली की शनिवारी मोडांची उसळ होते. कडधान्याचा डबा ही घरातली खरी शिल्लक, आणि ती बाजारावर अवलंबून नाही. कडवे वाल, कुळीथ, मसूर, चवळी यांतली दोन कडधान्यं तरी कायम घरात असावीत.

दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पहिला पदार्थ करतानाच त्याचा दुसरा पदार्थ ठरलेला असावा. तुरीचं वरण घ्या. सोमवारी साधं वरण, हिंग-हळदीचं, वर तूप आणि लिंबू. ते मुद्दाम थोडं जास्त शिजवायचं. मंगळवारी त्याच शिजलेल्या डाळीला चिंच, गूळ, गोडा मसाला घालून आमटी. आमटी उरली तर संध्याकाळी तिला उकळी आणून कणकेच्या लाटलेल्या पोळीचे चौकोनी तुकडे आत सोडायचे, की चकोल्या तयार. त्याला कुणी वरणफळं म्हणतं. त्यावर घरचं तूप घालून ती गरमागरम खाणाऱ्याला आपण उरलेलं खातोय असं वाटतच नाही, आणि वाटायचं कारणही नाही. तो स्वतंत्र, पूर्ण पदार्थ आहे. घट्ट वरण एखादी वाटीच उरलं असेल तर त्यात पाणी न घालता कणीक भिजवावी. जिरं, तिखट, कोथिंबीर घालून त्याचे पराठे मुलांच्या डब्यात जातात.

सगळ्यांत मोठा आधार भाजणीच्या थालिपिठाचा. कोशिंबिरीसाठी किसलेली काकडी, पालकाची चार पानं, डावभर भात, वाटीभर मुगाची उसळ, भाजणी हे सगळं पोटात घेते आणि तिची चव बिघडत नाही. सांभाळायचं ते एवढंच, की उरलेल्या उसळीत मीठ-तिखट आधीच असतं, म्हणून भाजणीत घालताना हात आखडता ठेवावा. मग तव्यावर तेल सोडून, बोटाने भोकं पाडून, झाकण ठेवून दोन्ही बाजू खरपूस होऊ द्याव्यात. घाई केली तर आत पिठूळ राहतं.

सगळ्याच पदार्थांना असा दुसरा जन्म मिळत नाही, हेही मान्य करावं. भेंडीची भाजी दुसऱ्या दिवशी काहीही केलं तरी सावरत नाही, ती मोजकीच करावी. उलट भरली वांगी मुरल्यावर अधिक चांगली लागतात. गोव्यात आदल्या दिवशीची माशांची कडी आटवून घट्ट करतात आणि सकाळी पावाबरोबर किंवा पोयाबरोबर खातात. ‘कालची कडी’ हेच तिचं नाव, आणि ती आवडीने खाल्ली जाते. पोळीचंही तसंच. पुण्याकडचा कुस्करा, विदर्भातले कुटके, कुठे नुसती फोडणीची पोळी, आणि गोड हवं असेल तर गूळ-तूप घालून वळलेला लाडू. ज्वारीची शिळी भाकरी तर ताक, कांदा आणि ठेच्याबरोबर शेतावरची न्याहारी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली गेली आहे.

फोडणीचा भात कालच्याच भाताचा चांगला होतो, त्यालाही कारण आहे. भात गार झाला की त्यातला स्टार्च घट्ट होतो, शितं सुटी होतात आणि फोडणीत परतताना मोडत नाहीत. गरम भाताला फोडणी घातली तर त्याचा गोळा होतो. मात्र भाताच्या बाबतीत एक सावधगिरी प्रत्येक घराने पाळायलाच हवी. कच्च्या तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवल्यावरही टिकतात. भात ओट्यावर तासन्‌तास कोमट राहिला की हे जिवाणू वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या घडवणारं विष नंतर कितीही परतलं तरी जात नाही. म्हणून रात्रीचा भात पातेल्यात झाकून सकाळपर्यंत बाहेर ठेवू नये. ताटात पसरून लवकर गार करावा, डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. उन्हाळ्यात ओल्या नारळाचं वाटण घातलेल्या भाज्यांना तर त्याहूनही कमी वेळ द्यावा. वासाची शंका आली तर अन्न टाकून द्यावं. त्या क्षणी काटकसर आठवू नये.

साठवणीच्या डब्यांना आठवड्याचं नाही, ऋतूंचं वेळापत्रक लागतं. पूर्वी एप्रिल-मे महिन्यांत वर्षाचे गहू, तांदूळ, डाळी उन्हं दाखवून भरल्या जात. तिखट-मसाले कुटून बरण्यांत जात. कुरडया, सांडगे, पापड पत्र्याच्या डब्यांत जात. आता एवढं कुणी भरत नाही, पण पाऊस लागायच्या आधी डबे तपासायची पद्धत मात्र टिकवायला हवी. पावसाळी हवेत रव्याला जाळी धरते, गव्हात टोके होतात, दाण्याचं कूट आणि सुकं खोबरं खवट होतं. दिवाळीनंतर उरलेली चकलीची भाजणी, चिवड्याचे पातळ पोहे, उपासाची वरी आणि साबुदाणा हे सगळं मे महिन्यात एकदा टेबलावर मांडलं, तर महिनाभराच्या न्याहारीची सोय त्यातूनच होते. चकलीच्या भाजणीची थालिपिठं होतात, पातळ पोह्यांचे दडपे पोहे, वरीचे डोसे. रवा भाजून ठेवला की टिकतो आणि सकाळचा उपमाही लवकर होतो. नवीन पाकीट डब्यात ओतताना जुनं आधी काढून वर घालायचं, ही लहानशी शिस्त तेवढी हवी.

इथवरचं सगळं आपल्या आया-आज्यांना ठाऊक होतं. मग आपल्या घरांतून एवढं अन्न बाहेर का जातं, याचा मी बरेच दिवस विचार करते आहे.

माझ्या सासूबाई बीडकडच्या. १९७२ च्या दुष्काळात त्या तरुण होत्या, पदरात लहान मूल होतं. रेशनवर मिळालेल्या लाल मिलोची भाकरी, दुष्काळी कामांवर वाटलेली सुकडी त्यांना लख्ख आठवते. भाकरीचा चतकोर त्यांनी कधी टाकला नाही. पण त्या चतकोराचं काय होत असे? सगळ्यांना गरम वाढून झालं की शेवटी त्या स्वतः कालची भाकरी घेऊन बसत. माझ्या आईच्या घरीही तेच होतं. शिळं बाईनं खायचं, ताजं बाकीच्यांनी, हे कुणी ठरवून सांगितलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी विचारतही नव्हतं. त्या काळच्या घराची काटकसर अशी एका बाईच्या ताटावर उभी होती.

पुढच्या पिढीतल्या मुलींनी हे नाकारलं आणि ते योग्यच केलं. पण त्यांनी सोडलेली जागा घरातल्या दुसऱ्या कुणी घेतली नाही. नवऱ्याला कालचं खायची सवय कधी लावलीच नव्हती, मुलांना ‘शिळं’ म्हटलं की नाक मुरडायला आपणच शिकवलं. परिणामी आईच्या ताटातलं अन्न थेट ओल्या कचऱ्याच्या बादलीत गेलं. आजची नासाडी आळसामुळे होते, असं मला वाटत नाही. जुनी व्यवस्था अन्यायाची होती, ती मोडली, आणि तिच्या जागी न्यायाची व्यवस्था आपण अजून घडवलेली नाही.

यात आणखी एक गोष्ट मला खुपते. तीन दिवस फ्रिजमध्ये राहिलेलं, आता आपण खाणार नाही हे पक्कं झालेलं अन्न घरकामाला येणाऱ्या मावशींच्या डब्यात घालायचं आणि अन्न वाया गेलं नाही याचं समाधान मानायचं. द्यायचं असेल तर ज्या दिवशी केलं त्या दिवशी, आपल्या ताटात वाढू तसं आणि विचारून द्यावं. नाहीतर देऊ नये.

नवी व्यवस्था अवघड नाही. घरात काय उरलंय याचा हिशेब एकाच बाईच्या डोक्यात असतो, तो आधी बाहेर यायला हवा. आमच्या फ्रिजच्या दारावर एक कागद असतो. आत डबा ठेवणाऱ्याने त्यावर पदार्थ आणि वार लिहायचा, संपवणाऱ्याने खोडायचा. मुलगी शाळेतून आली की आधी तो कागद वाचते. शनिवारचं रात्रीचं जेवण नवरा करतो. कधी उरलेल्या सगळ्या भाज्यांची पावभाजी, कधी मसालेभात, कधी नुसतं पिठलं. ओट्यापाशी उभं राहून कालची उसळ आज कशात घालता येईल याचा विचार त्याला करावा लागला, तेव्हापासून तो बाजारातही बेताने घेतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात असं दिसलं, की घरकाम करणाऱ्या बाया रोज त्यावर सरासरी २९९ मिनिटं घालवतात, तर जे थोडे पुरुष घरकाम करतात ते ९७ मिनिटं. हा फरक आहे तसा राहिला, तर उरलेल्या अन्नाच्या कितीही युक्त्या छापल्या तरी त्या पुन्हा त्याच बाईच्या कामात भर घालतील. उरलेल्याला नवं रूप द्यायलाही वेळ आणि डोकं लागतं.

गोपाळकाल्यात प्रत्येक सवंगड्याची शिदोरी एकत्र कालवली जाते आणि तो काला सगळ्यांना सारखा वाटला जातो. वर्षातून एकदा आपण तो प्रसाद म्हणून हात पुढे करून घेतो; घरातल्या उरलेल्याची वाटणीही तशीच व्हायला हवी.

तेव्हा माझी एक विनंती आहे. या आठवड्यात बाजाराच्या आदल्या दिवशी नवीन काही आणू नका. घरात असेल त्यातून जेवण करा आणि ते कुणी करायचं हे आधी ठरवा. कालची पोळी असो की परवाची उसळ, ती आधी टेबलावर येऊ द्या आणि प्रत्येकाच्या ताटात सारखी वाढा. तव्यावरची पहिली गरम पोळी मात्र त्या दिवशी घरातल्या त्या बाईच्या ताटात पडू द्या, जिने आजवर ती कधी घेतली नाही.