संगणक अडला की नवाच घ्यायचा?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चे नियमित मोफत सुरक्षा अपडेट थांबवले. तेव्हापासून संगणक जरा अडखळला, की ‘जुना झाला, नवा घ्या’ हा सल्ला तयारच! पण अपडेट थांबल्याने यंत्र संथ होत नाही. राजूरमध्ये (ता. भोकरदन) ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकाने हजारो रुपये घालण्याआधी दुखणे नेमके कुठे आहे, ते पाहावे.

जुना संगणक अचानक संथ झाला, तर पहिला संशय हार्ड डिस्कवर. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे मोफत सॉफ्टवेअर तिची प्रकृती सांगते. ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसले, तर आधी ग्राहकांची कागदपत्रे दुसरीकडे कॉपी करा. बाकी चाचण्या नंतर. लांबलचक चाचणीच्या ताणाने शेवटच्या घटका मोजणारी डिस्क कायमची जाऊ शकते. डिस्क ठीक, पण वारंवार निळी स्क्रीन येते? विंडोजमधलेच ‘मेमरी डायग्नोस्टिक’ रॅम तपासते. एखादाच प्रोग्राम बंद पडत असेल, तर ‘रिलायबिलिटी मॉनिटर’मध्ये बिघाडाची तारीख आणि त्या दिवशी आलेले अपडेट दिसते.

‘विंडोज ११’ चालेल का, हे मायक्रोसॉफ्टचेच ‘पीसी हेल्थ चेक’ फुकट सांगते. ‘संगणकात व्हायरस, या नंबरवर फोन करा’ अशी पाटी झळकली, तर मात्र फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो.