होतकरूची पत कशी मोजावी?

ज्याचा ताळेबंद अजून लिहिलाच गेलेला नाही, त्याची पत कशी ठरवावी, हा प्रश्न बँकेच्या कर्ज विभागाला जितका परिचित आहे, तितकाच व्यापारी पेढीलाही आहे. जुन्या, स्थिरावलेल्या गिऱ्हाइकाला उधारी देताना फारसा विचार करावा लागत नाही; मागच्या वह्याच त्याच्या बाजूने बोलतात. होतकरू माणूस समोर उभा राहिला, की वह्या मुक्या होतात आणि निर्णय घेणाऱ्याला स्वतःच्या पारखेवर विसंबावे लागते. या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण या वेळी वाचकांपुढे ठेवतो. ते बाजारपेठेतले नसून अमेरिकेतील बास्केटबॉलचे आहे. आपल्या घरांतील तरुण मंडळी हा खेळ रात्री जागून पाहतात. वडीलधाऱ्यांनीही त्यातला हिशेब समजून घ्यावा असा तो आहे.

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत नव्या खेळाडूंची भरती खुल्या बोलीने होत नाही. दरवर्षी 'ड्राफ्ट' भरतो आणि संघ ठरलेल्या क्रमाने एकेक खेळाडू निवडतात. गेल्या हंगामात जे संघ दुबळे ठरले, त्यांना साधारणपणे आधीचे क्रमांक मिळतात. म्हणजे बुडत्या पेढीला सावरण्यासाठी दिलेले हे एक प्रकारचे भांडवलच. ते चुकीच्या ठिकाणी गुंतले, तर संघ पुढची काही वर्षे वर येत नाही.

१९९८ च्या जूनमध्ये डॅलस मॅव्हरिक्स या संघापुढे हाच पेच होता. आदल्या हंगामातील ८२ सामन्यांपैकी त्यांनी केवळ २० जिंकले होते आणि १९९० नंतर बाद फेरीचे तोंड पाहिले नव्हते. त्यांच्या हाती सहावा क्रमांक होता. संघाची सूत्रे प्रशिक्षक डॉन नेल्सन यांच्याकडे होती आणि त्यांचे पुत्र डॉनी हे त्यांचे साहाय्यक होते. या पितापुत्रांच्या मनात एक पॉवर फॉरवर्ड भरला होता. पॉवर फॉरवर्ड म्हणजे बास्केटच्या जवळ खेळणारा, धिप्पाड, हुकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातून हिसकावून घेणारा खेळाडू. ज्याच्यावर त्यांची नजर होती, तो वीस वर्षांचा जर्मन तरुण डर्क नोविट्स्की या वर्णनात बसत मात्र नव्हता.

त्याच्या विरुद्धची बाजू प्रथम मांडतो, कारण ती भक्कम होती. हा मुलगा जर्मनीच्या वुर्झबर्ग शहरातील संघाकडून खेळत होता आणि तो संघ देशाच्या दुसऱ्या श्रेणीत होता. शरीर सडपातळ, उंची सुमारे सात फूट. युरोपातील खेळाडू अंगाने नाजूक असतात, अमेरिकेतील धक्काबुक्की त्यांना पेलत नाही, असा त्या काळी सर्वसाधारण समज होता. जर्मनीचाच डेटलेफ श्रेम्फ एनबीएमध्ये नावारूपाला आला होता, पण तो अमेरिकेतील विद्यापीठात खेळून मग तेथे पोहोचला होता. नोविट्स्कीकडे तोही दाखला नव्हता.

याउलट याच जागेसाठी दुसरा उमेदवार समोर होता, रॉबर्ट ट्रेलर. मिशिगन विद्यापीठाचा हा खेळाडू सुमारे १३० किलो वजनाचा. लोक त्याला 'ट्रॅक्टर' म्हणत. एका सामन्यात त्याने चेंडू इतक्या जोराने बास्केटमध्ये कोंबला, की मागचा काचेचा फलकच फुटला. शेवटच्या हंगामात त्याने सामन्यामागे सोळाच्या आसपास गुण आणि दहाच्या आसपास रिबाउंड मिळवले होते. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर तारण डोळ्यांना दिसत होते आणि कागदपत्रेही पूर्ण होती.

मग नोविट्स्कीच्या बाजूने काय होते? एक म्हणजे प्रत्यक्ष कसोटी. त्याच वर्षी मार्चमध्ये सॅन अँटोनिओ येथे जगातील निवडक तरुण आणि अमेरिकेतील निवडक तरुण यांच्यात सामना झाला. नोविट्स्कीने ३३ गुण आणि १४ रिबाउंड मिळवले आणि अमेरिकेचा संघ हरला. दुसरी गोष्ट त्याच्या घडणीची. होल्गर गेश्विंडनर हे १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये जर्मनीकडून खेळलेले गृहस्थ त्याला अनेक वर्षे स्वतंत्रपणे शिकवत होते. चेंडू कोणत्या कोनातून सोडला असता अधिक खात्रीने पडेल, याचा हिशेब करून त्यांनी त्याची फेक बसवली होती. सात फूट उंचीचा माणूस लांबून अचूक फेकू लागला, तर त्याला अडवणार कोण, हा नेल्सन यांचा प्रश्न होता. तिसरी गोष्ट घरची. वडिलांचा रंगकामाचा व्यवसाय, आई स्वतः बास्केटबॉल खेळलेली. म्हणजे मेहनत आणि खेळ, दोन्ही घरातच पाहिलेले.

यानंतर नेल्सन यांनी जे केले, ते व्यापारी वाचकांना विशेष रुचेल. मिलवॉकी संघाला ट्रेलर हवा होता, पण त्यांचा क्रमांक नववा होता. तेव्हा डॅलसने सहाव्या क्रमांकावर ट्रेलरला निवडले, मिलवॉकीने नवव्यावर नोविट्स्कीला आणि एकोणिसाव्यावर पॅट गॅरिटी या खेळाडूला निवडले, आणि मग अदलाबदल झाली. तीन पायऱ्या खाली उतरून डॅलसने हवा तो माणूस घेतला आणि वर आणखी एक मिळवला. त्या गॅरिटीसह काही देणे देऊन त्यांनी फिनिक्स संघाकडून स्टीव्ह नॅश मिळवला, जो पुढे दोनदा स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. जोखीम घ्यायचीच असेल तर ती कमीत कमी किमतीत घ्यावी, हे सूत्र यात स्पष्ट दिसते.

तरीही पहिल्या वर्षी वाद नेल्सन यांच्या विरुद्धच गेला. मालक आणि खेळाडू यांच्या तंट्यामुळे तो हंगाम ५० सामन्यांचा झाला. नोविट्स्कीने सामन्यामागे सरासरी ८.२ गुण केले. संघाने १९ सामने जिंकले आणि ३१ गमावले. बचावात तो इतका कच्चा होता, की टीकाकार त्याच्या नावातील 'डी' गाळून त्याला 'इर्क' म्हणत, कारण 'डी' म्हणजे डिफेन्स. कर्ज दिल्यावर पहिलेच दोन हप्ते थकावेत, तशी ही अवस्था. अशा वेळी घाबरून खाते बंद करणारे अधिकारी असतात आणि खातेदाराच्या दुकानात जाऊन माल कसा हलतो ते पाहणारेही असतात. डॅलसने दुसरा मार्ग धरला. पुढच्या हंगामात त्याची सरासरी १७.५ झाली. २००१ मध्ये संघ बाद फेरीत पोहोचला आणि तेव्हापासून सलग ११ हंगाम त्याने ५० किंवा अधिक सामने जिंकले.

वाट मात्र सरळ नव्हती. २००६ च्या अंतिम मालिकेत मायामीविरुद्ध दोन सामन्यांची आघाडी घेऊनही डॅलस हरला. २००७ मध्ये ६७ विजय मिळवून पहिल्याच बाद फेरीत गारद झाला, आणि त्याच वर्षी नोविट्स्की स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अखेर १२ जून २०११ रोजी त्याच मायामीला हरवून डॅलसने पहिले विजेतेपद मिळवले. २१ हंगाम एकाच संघाकडून खेळून, ३१,५६० गुण करून नोविट्स्की २०१९ मध्ये निवृत्त झाला.

ट्रेलरची कहाणी वेगळी झाली. त्याने एनबीएमध्ये सात हंगाम काढले, सरासरी ४.८ गुणांची राहिली. हृदयावर शस्त्रक्रिया झाली, नंतर तो परदेशी संघांकडून खेळला आणि मे २०११ मध्ये, डॅलसच्या विजेतेपदाला महिना उरला असताना, वयाच्या ३४ व्या वर्षी पोर्तो रिको येथे त्याचे निधन झाले. आज लोक या अदलाबदलीचा उल्लेख हसून करतात. मला ते योग्य वाटत नाही. त्या दिवशी मिलवॉकीसमोर जी माहिती होती, तिच्या आधारे ट्रेलरची निवड अविचाराची नव्हती. फळ कडू निघाले म्हणून पेरणारा मूर्ख ठरत नाही.

आणि धाडस नेहमीच फळते, असाही निष्कर्ष कोणी काढू नये. त्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर लॉस एंजेलिस क्लिपर्सने मायकेल ओलोवोकांडी या सात फुटी खेळाडूला निवडले. त्याने खेळ उशिरा सुरू केला होता. 'पुढे घडेल' याच आशेवर त्याची निवड झाली. पहिल्या क्रमांकाला साजेसे यश त्याला मिळाले नाही. उलट अमेरिकेच्या विद्यापीठात पारखलेला पॉल पिअर्स दहाव्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला आणि बॉस्टनकडे जाऊन २००८ च्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेव्हा सुरक्षित निवडही सोन्याची निघू शकते आणि होतकरूवरील विश्वासही वाया जाऊ शकतो.

मग दोन होतकरूंमधला फरक कसा ओळखावा? माझ्या मते तीन प्रश्न विचारावेत. जे मोठेपण आपल्याला दिसते आहे, ते केवळ निसर्गाने दिलेले आहे, की त्यावर रोजच्या मेहनतीची सवय चढलेली आहे? उंची दोघांकडे होती. नोविट्स्कीकडे वर्षानुवर्षांची घोटलेली फेकही होती. दुसरा प्रश्न, त्याच्यामागे त्याला सुधारत राहणारे कोणी आहे का? गेश्विंडनर पुढेही त्याच्यासोबत राहिले. आणि तिसरा प्रश्न स्वतःला विचारायचा: पहिल्या वर्षी तोटा झाला, तर तो सोसण्याइतकी आपली तिजोरी आणि आपले मन मोठे आहे का? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर होतकरूला हातच घालू नये. अर्ध्यावर सोडलेला माणूस दोन्ही बाजूंचे नुकसान करतो.

पेढीवर नवा मुलगा घेताना, पुतण्याला शाखा सोपवताना किंवा नव्या व्यापाऱ्याला पहिली उधारी देताना हे प्रश्न आपल्याला उपयोगी पडतील. आणखी एक सुचवतो. बँकेत कर्ज मंजूर करताना कारणे टिपणात नोंदवावी लागत. आपणही निर्णयाच्या दिवशीच दोन्ही बाजू एका कागदावर लिहून, तारीख घालून ठेवाव्यात. पाच वर्षांनी निकाल काहीही लागो, तो कागद उघडून पाहता येतो, आणि आपली पारख चुकली की केवळ दैव फिरले, याचा निवाडा शांतपणे करता येतो.