‘मीच राउटर’ म्हणणाऱ्यावर विश्वास किती?

साताऱ्याच्या पोवई नाक्यावरचे दुकान असो की सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची पेढी, काउंटरवरच्या कॉम्प्युटरला बाहेर काहीही पाठवायचे तर ते आधी राउटरच्या हवाली करावे लागते. राउटरचा आयपी पत्ता कॉम्प्युटरला ठाऊक असतो. पण वाय-फायवर किंवा वायरवर माहिती पोचते ती मॅक पत्त्यावर, म्हणजे त्या यंत्राच्या 48 बिटांच्या क्रमांकावर. तो माहीत नसेल तर कॉम्प्युटर चक्क पुकारा करतो, ‘192.168.1.1 कोण?’ पुकारा नेटवर्कवरच्या सगळ्यांना ऐकू जातो, उत्तर एकाने द्यायचे असते. या पद्धतीला एआरपी म्हणतात. एमआयटीतल्या डेव्हिड प्लमर यांनी ती नोव्हेंबर 1982 मध्ये मांडली.

दर वेळी पुकारा करत बसले तर गोंगाटच व्हायचा. म्हणून मिळालेले उत्तर कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या वहीत, टिपून ठेवले जाते. विंडोजमध्ये ही नोंद 15 ते 45 सेकंदांत जुनी धरली जाते आणि पुढच्या वापराच्या वेळी पुन्हा तपासली जाते. अँड्रॉइडच्या पोटातल्या लिनक्सचा हिशेबही साधारण असाच. सिस्कोच्या राउटरमध्ये मात्र नोंद चार तास टिकते. वही फार जपली तर यंत्र बदलल्यावरही माहिती जुन्याच पत्त्यावर जात राहते. राउटर बदलल्यावर ‘सगळे बंद करून चालू करा’ असे सांगतात, त्यामागचे हे एक कारण.

खरी गोम पुढेच आहे. उत्तर देणारा खरा की तोतया, हे एआरपी तपासतच नाही. त्याच वाय-फायवरच्या कोणीही ‘मीच राउटर’ म्हटले की वहीत त्याचे नाव लागू शकते आणि तुमची माहिती त्याच्या हातून पुढे जाते. यूपीआय व्यवहार कूटबद्ध असतात, तेवढ्याने पिन फुटत नाही. पण ऑफिसमधले जुने प्रिंटर, सीसीटीव्ही, सामायिक फोल्डर यांना असे कवच बहुतेकदा नसते.

अशा वेळी वाय-फायचा पासवर्ड भिंतीवर चिकटवून ग्राहकांना आणि बिलिंगच्या कॉम्प्युटरला एकाच नेटवर्कवर बसवणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे, मग ती पतसंस्था असो की दवाखाना. बहुतेक नव्या राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय असते, ती चालू करायला वेगळा खर्च नाही. ग्राहकानेही पैशाचे काम शक्यतो मोबाइल डेटावर करावे. तिथे फोनची गाठ थेट कंपनीच्या नेटवर्कशी असते, शेजाऱ्यांत पुकारा करायची वेळच येत नाही.