दोन आयांचे लेकरू

मूल चांगले वाढण्यासाठी काय लागते? ‘आई आणि बाप’ असे उत्तर कोणीही देईल. पण परस्परांवर प्रेम करणाऱ्या, एकत्र संसार करणाऱ्या दोन स्त्रियांनी मूल वाढविले तर त्याचे काय होते? हा विषय वार्षिकांकात कशाला, असे काहींना वाटेल. परंतु ज्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात खल झाला, त्यावर कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी मूग गिळून बसावे, हे बरे नव्हे.

विषय मराठीला अगदीच नवा नाही. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री मराठी प्रेक्षकाने तेव्हाच पाहिली. पण तिचे घर, तिचे लेकरू ही कल्पना आपल्या मनाला अजून शिवत नाही.

परदेशात या प्रश्नाचा अभ्यास चाळीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. ब्रिटनमध्ये सुसान गोलोम्बोक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली समलिंगी मातांची २७ आणि एकट्या मातांची २७ घरे घेऊन मुलांची तुलना केली. भावना, वागणूक, मैत्री यांत बहुतेक बाबतीत फरक आढळला नाही. अमेरिकेत नॅनेट गार्ट्रेल यांनी १९८६ पासून अशा कुटुंबांचा मागोवा घेतला. मुले पंचविशीत आल्यावर, २०१८ साली, त्यांचे मानसिक आरोग्य इतर तरुणांसारखेच असल्याचे प्रसिद्ध झाले. मात्र मुले दहा वर्षांची असताना असे दिसले होते की, ज्यांना आईवरून बोलणी खावी लागली, त्यांच्या वागण्यात तक्रारी जास्त होत्या. म्हणजे काटा घरात नव्हता, दाराबाहेर होता.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ही कुटुंबे स्वेच्छेने पुढे आलेली होती. म्हणून हे निष्कर्ष जसेच्या तसे मराठवाड्याला लावता येणार नाहीत. २०१२ साली मार्क रेग्नेरस यांनी उलट निष्कर्ष मांडला. पण दोन आयांच्या घरात सलग वाढलेली मुले त्यांच्या पाहणीत मोजकीच होती. पुष्कळांची घरे आधीच मोडलेली होती. मोडलेल्या घराचे दुःख दोन आयांच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे.

आपल्या परभणी जिल्ह्यात आईबाप ऊसतोडीला गेले की आजी आणि आत्या लेकरे सांभाळतात. बाप गेलेल्या घरात सासू-सून मिळून पोर शिकवितात. या स्त्रियांचे नाते वेगळे, हे मान्य. परंतु ‘पुरुषाविना मूल बिघडते’ म्हणणाऱ्याने आधी या घरांना तसे म्हणून दाखवावे. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी वाढली, असे परंपरा सांगते. आणि वारकरी तर विठोबालाच माउली म्हणतात. आईपण केवळ जन्म देण्याने येत नाही, हे आपल्याला परक्याने शिकवायला नको.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. अक्षरशत्रू घरातले मूल शिकत नाही, असेही लोक छातीठोकपणे सांगत होते. घर पाहून मुलाचे भविष्य सांगणाऱ्यांवर म्हणूनच माझा विश्वास नाही.

आता कायदा. समलिंगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ पासून गुन्हा राहिले नाहीत. पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने समलिंगी विवाहाचा हक्क नाकारला, आणि अशा जोडप्यांना मिळून दत्तक घेऊ न देणारा नियम तीन विरुद्ध दोन मतांनी कायम राहिला. स्थैर्य केवळ विवाहित स्त्रीपुरुषच देऊ शकतात याला आधार नाही, हे तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांचे मत अल्पमतात गेले. एकटी स्त्री दत्तक घेऊ शकते. तिची जोडीदारीण मात्र कायद्याने त्या मुलाची कोणीच नसते. उद्या पहिली आई दगावली, तर ज्या हातांनी घास भरविला त्यांना आई म्हणून हक्क नाही. ही शिक्षा सर्वांत जास्त कोणाला? लेकराला!

मुलाच्या हिताचे नाव घेऊनच मुलाची एक आई काढून घ्यावी, हे कोणत्या शास्त्रात बसते? घरात माणसे कोण आहेत यापेक्षा ती लेकरासाठी काय करतात, हे आपण पाहू या.

— बी. ए. द्वितीय वर्ष